पैठण पडलं, आप्पा

आप्पा, तुमचं कार्ड मंगळवारी आलं. तार रविवारीच आली होती. म्हणजे तुम्ही गेल्याचं कळून दोन दिवस झाल्यावर तुम्ही माझ्यावर स्वारी केलीत. अशी स्वारी कुणी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही, आणि इतिहास शिकवून माझं पोट भरतं.

आमच्या गावचा पोस्टमन शंकर तुमची कार्डं नेहमी आधी स्वतः वाचतो आणि मग शाळेच्या फाटकातूनच ओरडतो, "गुरुजी, कोकणातनं फौज निघाली!" त्या दिवशी तो ओरडला नाही. कार्ड टेबलावर ठेवलं आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. वर शुक्रवारची तारीख होती. तुम्ही शनिवारी सकाळी गेलात. अक्षर नेहमीचंच, मोजणीच्या नकाशावर गट नंबर घालावेत तसं.

‘सात काजू कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर. जुन्नर रिकामं होतं. तिथून पैठण. तुझे तिथे तीन चिंचोके. कवड्या टाकल्या, काकू साक्षीला आहे. पैठण पडलं. घाट उघडा ठेवलास, शाब्बास. इकडे काजूला मोहोर बरा आहे. पाय सांभाळ.’

मी ते दोनदा वाचलं, आणि शंकरसमोर आधी तुम्हाला एक शिवी हासडली, मग रडलो. शंकर बिचारा एवढंच म्हणाला, "पडलं व्हय पैठण?" मी म्हटलं, पडलं.

एक्क्याऐंशी साली रत्नागिरीच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी कराडकडून घाट उतरून आलो आणि तुमच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. घरात तुम्ही आणि काकू, दोघंच. तुम्ही नुकतेच मोजणी खात्यातून निवृत्त झाला होता. उभा जन्म लोकांच्या जमिनीवर साखळ्या ओढण्यात गेलेला, आता ओढायला काही नाही, म्हणून दिवसातून चार वेळा पडवीची लांबी पावलांनी मोजायचात. मी त्याच पडवीत बसून वर्गासाठी तक्ता रंगवत होतो. सातवाहन आणि क्षत्रप, दोन हजार वर्षांपूर्वीचा झगडा. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात.

"हे काय रे?" तुम्ही समुद्राकाठच्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवलंत.

"कोकण."

"हे कोकण? मला वाटलं कुणाच्या पोराचा करगोटा."

"प्रमाणात काढलंय, आप्पा."

"प्रमाण कुणाला शिकवतोस? एवढ्यात माझी जयगडची खाडी तरी मावेल काय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही एका जुन्या कापडी नकाशाची कोरी पाठ पसरलीत आणि नर्मदेपासून केरळापर्यंतचा मुलूख स्वतः काढलात. त्यात कोकण दख्खनच्या निम्म्याने रुंद होतं. मधोमध ठळक अक्षरांत ‘रत्नागिरी’. मी म्हटलं, त्या काळी रत्नागिरी नव्हती. तुम्ही माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलंत. "नव्हती म्हणजे? मग आम्ही होतो कुठे?"

त्या नकाशावर चौकोनी घरं पाडली आणि आपला खेळ सुरू झाला. मी सातवाहन, माझं मुख्य ठाणं पैठण, माझं सैन्य चिंचोके. तुम्ही क्षत्रप, मुख्य ठाणं सोपारा, सैन्य म्हणजे काजूच्या बिया, सालासकट. काकूंना आपण विचारलं, तुम्ही कोण? त्यांनी नकाशा खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "मिरी कोणाकडे आहे?" मिरी केरळातल्या चेर राजांकडे होती. त्या चेर झाल्या आणि पेटीतून त्यांचे लहानपणचे सागरगोटे काढून आणले, ह्या माझ्या नावा म्हणून. ज्या घरावर आपला माणूस, त्या घराला वर्षाला एक नवीन शिपाई. लढाई कवड्यांवर. ज्याचं मुख्य ठाणं पडलं तो हरला, ज्याने पाडलं त्याने मोहीम जिंकली. एक मोहीम सात-आठ महिने चालायची, दर रविवारी दुपारी जेवण झाल्यावर.

पहिल्या दोन मोहिमा तुम्ही जिंकलात, आणि त्यात अक्कल नव्हती हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. कोकणात घरंच इतकी होती की काजू संपेचनात. मी एका टोकाला चार मारावेत तर दुसऱ्या टोकाला सहा उभे. मी म्हटलं, आप्पा, बळं सारखी नसतील तर खेळ कसला? कोकण अरुंद करा.

"मी मैल नाही मोजले, चाल मोजलीय. एक घर म्हणजे सैन्याची आठवड्याची चाल. इथे चालून बघ, मग बोल."

"चालायला वेळ लागतो म्हणून सैन्य जास्त पिकतं काय?"

"पिकतं. इथे माणसंच पिकतात, म्हणून तर मुंबईला पाठवतो."

काकू तांदूळ निवडता निवडता हसल्या आणि आपली एक नाव पुढे सरकवली. त्यांच्या चालीला क्षणभरही लागायचा नाही. आपण दोघं तासभर कपाळाला हात लावून बसायचो, त्या सुपातला खडा काढता काढता सागरगोटा उचलायच्या. मला वाटायचं, त्या नुसत्या आपल्याला सोबत म्हणून खेळतात.

मग तुम्ही तोड काढलीत. "कोकण तसूभर कमी करणार नाही. हवं तर लढाईत माझी एक कवडी काढून घे." तेव्हा माझं डोकं फिरलं. माझ्यावर मेहेरबानी केलेली मला लहानपणापासून सोसत नाही. मी म्हटलं, मला तुमची कवडी नको, मला न्याय हवा. शेवटी काकूंनीच मधला मार्ग काढला. कोकण रुंदच राहील, पण डब्यात जेवढे काजू आहेत तेवढंच क्षत्रपांचं सैन्य. डबा रिकामा तर भरती बंद, मग घरं कितीही असोत. डबा स्वयंपाकघरात फळीवर राहील, म्हणजे कोणी त्यात भर घालणार नाही. आपण दोघांनीही लगेच मान्य केलं. डबा कोणाच्या ताब्यात गेला ते आपल्या लक्षात आलं नाही, हे बघा.

पण तुमचं समाधान झालं नव्हतं. एका रविवारी उजाडता मला उठवलंत, "चल, गणपतीपुळ्याला. पायी." जिल्ह्याच्या नकाशावर चार बोटांचं अंतर. शिरगाव संपेपर्यंत मी शिट्टी वाजवत होतो. मग खाडी आली. होडीवाला जेवायला गेला होता. तो आला तर ओहोटी लागलेली, गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत जायचं. मग चढ, मग उतार, मग पुन्हा वाळू, मग पुन्हा एक डोंगर समुद्रात पाय सोडून बसलेला. देवळाचा कळस दिसला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. कराडकडच्या सपाटीवर एवढ्या वेळात मी तिप्पट चाललो असतो. तुम्ही माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्यात. आणि मी काय म्हणालो? "तुम्ही मुद्दाम सावकाश चाललात."

तुम्ही वयाने माझ्या दुप्पट होता आणि दिवसभर माझ्या पुढे चालत होता, आप्पा. तुमचं खरं होतं हे मला त्या पहिल्या खाडीवरच कळलं होतं. कबूल मात्र कधी केलं नाही.

आता लांज्याची गोष्ट. माझ्या बायकोला ती माहीत आहे, तेव्हा उघड लिहायला हरकत नाही. ती म्हणते, लांज्याची पोरगी नशिबाची. माझ्याबरोबर बघायला तुम्हीच आला होता, वडिलांच्या जागी. स्टँडजवळ मुलीच्या वडिलांचं दुकान होतं. पोहे झाले, मुलीने एकदा वर बघितलं, मला ती फारच आवडली, आणि आठ दिवसांनी निरोप आला: मुलगी घाटावर द्यायची नाही. तुम्ही एवढे चिडलात की म्हणालात, "मोजणीला येतील ना कधी, तेव्हा बघतो." निवृत्त झाल्याचंही विसरलात.

त्या रविवारी मी खोलीतून बाहेर आलो नाही. शिमग्याचे दिवस होते, लांबून ढोल ऐकू येत होते. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "पैठणचे महाराज, प्रजा वाट बघत्ये." मी ओढल्यासारखा आलो. काकूंनी माझ्यापुढे बशी ठेवली, चुलीत भाजून फोडलेले काजूगर, अजून ऊन. मी खात खात नकाशाकडे बघत राहिलो. तुम्ही डबा मागवलात. त्या वर्षी तुमचे सात नवे शिपाई येणं होतं, सोपाऱ्याच्या बंदोबस्ताला. तुम्ही डब्याचं झाकण काढलंत, आत बघितलंत, डबा थोडा हलवलात आणि झाकण लावलंत.

"यंदा भरती नाही," तुम्ही म्हणालात.

"का?"

"शिमग्याला घरी गेलीत माणसं. खेळ."

नाणेघाट मोकळा होता. मी चिंचोके घेऊन उतरलो आणि दोन रविवारांत सोपारा घेतला. माझी पहिली जीत. आणि आप्पा, शेवटचीही. तुम्ही उठून मला मिठी मारलीत, निकालाच्या वहीत स्वतःच्या हाताने ‘सातवाहन विजयी’ लिहिलंत, आणि त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली. नकार पचत नाही म्हणून ह्या माणसाने मला सोपारा दिला. लहान मुलाला पतंगाचा दोरा द्यावा तसा.

तेव्हापासून मी तुम्हाला किती वेळा विचारलं! कधी हसत, कधी भांडत. एकदा तर भर बाजारात, मासळीच्या पाट्यांसमोर. "आप्पा, खरं सांगा, मुद्दाम हरलात ना?" तुमचं उत्तर ठरलेलं: "कवड्या पडल्या तशा पडल्या." ह्यावर मी आठ दिवस अबोला धरला होता, आठवतं? तुम्ही तेवढे आठही दिवस माझ्या दारात पाण्याची बादली भरून ठेवलीत. माणसाने भांडावं तरी कसं?

माझी बदली झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. तर पंधरा दिवसांत कार्ड. ‘नकाशा मधल्या खोलीत मांडून ठेवलाय, नवी मोहीम, पहिली चाल माझी. कवड्या ज्याने टाकायच्या त्याने टाकायच्या आणि खरं लिहायचं.’ खाली काकूंची ओळ: ‘एक नाव पुढे. लग्नाचं बघ.’ मग कधी पंधरवड्याला, कधी महिन्याला, वर्षामागून वर्षं. तुमच्या खबरीही त्यातच यायच्या. ‘रविवारी सकाळी सगळी आळी टीव्हीपुढे असते, आम्ही दोघंच लढतो. नाशिकवर दोन काजू.’ आमच्या गावात शंकरमुळे तट पडले होते. वाण्याचा मुलगा उघड तुमच्या बाजूचा. मी लग्न केलं, मुलगी झाली, तुम्ही तिला चांदीचा करगोटा पाठवलात, सोबत चिठ्ठी: ‘हे कोकण नव्हे.’

आणि आता हे शेवटचं कार्ड. मी दक्षिणेला काकूंच्या नावांशी झुंजत होतो आणि जुन्नर उघडं पडलं. तुम्हाला बरं नव्हतं, हे काकूंनी नंतर सांगितलं. अंथरुणावर बसून कवड्या टाकल्यात. इतकं आजारी माणूस म्हणालं असतं, जाऊ दे, मास्तरचं पैठण राहू दे. तुम्ही नाही सोडलंत. आणि म्हणूनच माझं जुनं दुखणं पुन्हा उपटलं. जो माणूस जाता जाता मला सोडत नाही, त्याने तेव्हा सोपारा कसा सोडला असेल? पण मग ते सात शिपाई? भरती का नाही केलीत? मी खरा जिंकलो होतो की नव्हतो? ज्याला विचारायचं तोच गेला.

वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या होत्या, त्यामुळे मला लगेच निघता आलं नाही. खांदा द्यायला मी नव्हतो, हे मला शेवटपर्यंत डाचत राहील. बाराव्याला पोचलो. आंबा घाट उतरताना गाडी वळणावळणाने खाली येत होती आणि मी मूर्खासारखा घरं मोजत होतो.

तेरावा झाला, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी दुपारी काकू आणि मी, दोघंच. मधल्या खोलीत नकाशा तसाच मांडलेला. माझे तीन चिंचोके बाजूला उचलून ठेवलेले. पैठणचं घर मात्र रिकामं होतं. मला वाटलं, गर्दीत कोणाचा हात लागला असेल. मी काकूंना विचारलंच. नाही राहवलं.

"काकू, लांज्याचा नकार आला होता, त्या वेळी आप्पा मुद्दाम हरले का हो?"

काकू म्हणाल्या, "अरे, त्या दिवशी बशीभर काजू खाल्लेस, ते कुठले वाटले तुला?"

"कुठले म्हणजे?"

"शिमग्यात नवे वाळलेले काजू कुठून यायचे? तू तोंड पाडून खोलीत बसलास, घरात गोडाधोडाचं काही नाही. डबा फळीवर होता. भाजले."

क्षत्रपांची राखीव फौज मी खाल्ली होती, आप्पा. मीठ लावून.

"आप्पांना कळलं होतं?"

"डबा हलवल्याबरोबर कळलं. तू गेल्यावर मला म्हणाले, अगो, माझी पलटण त्या पोराच्या पोटात घातलीस! मी म्हटलं, जाऊन काढून आणा." काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. "तुला सांगायचं नाही म्हणून मला बजावलनी. म्हणाले, सांगितलंस तर त्याला ते काजू कडू लागतील."

"म्हणजे मी जिंकलोच नाही."

"जिंकलास कसा नाहीस? डब्यात आहेत तेवढेच, हा तुमचाच नियम. आठ दिवस पुन्हा पुन्हा मांडून बघितलनी, नकाशावर उरलेल्या काजूंनी सोपारा वाचला असता काय. नाही वाचत, म्हणाले. पोरगा बरोबर उतरला." मग म्हणाल्या, "आणि वहीत तुम्ही लिहून ठेवलंयत ना, चेर एकदाही जिंकले नाहीत? तुम्हा दोघांत कोणी फार वर गेला की मी काही ना काही भाजतच आले."

आठ वर्षं आपण तराजूवरून भांडलो, कोकण रुंद की अरुंद, कवडी एक की दोन, आणि तराजू बसला होता तांदूळ निवडत.

काकू आत गेल्या. चुलीवर काहीतरी तडतडलं, घरात जळक्या सालीचा वास भरला, तुम्हाला आवडायचा तोच. त्या बशी घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवली. ऊन ऊन काजूगर.

"खा. आल्यापासून धड जेवला नाहीस."

"कुठले हे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"पैठणवर आले होते ते."

मी मोजले. सात होते. काकू नकाशाकडे न बघता म्हणाल्या, "पैठण घे परत. त्यांना चालेल."

एकेक करून मी सहा खाल्ले. इतके चविष्ट काजू मी जन्मात खाल्ले नाहीत. सातवा बोटांत धरला. काकू आता बघत होत्या. मी तो नकाशावर ठेवला, पैठणच्या घरात, मधोमध. सोललेला, भाजलेला, पण शिपाईच. मग वही उघडली, तुमच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात ‘क्षत्रप विजयी’ लिहिलं, आणि त्याच्याखाली, काकूंना वाचून दाखवत, आणखी एक ओळ लिहिली. ती ओळ गणपतीपुळ्याच्या वाटेवर पहिल्या खाडीशीच म्हणायला हवी होती, आप्पा.

‘कोकण तुम्ही काढलंत तेवढंच रुंद आहे.’